नेवासकर सरांची सुटी पानं

२०१९ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि एवढ्या आयुष्यात बांधलेलं पुस्तक उसवून द्या असं मला कुणी सांगितलं नव्हतं. नेवासकर सरांनी सांगितलं.

जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, नवं कोरं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं, जिल्द करायचीय. मी पुठ्ठा काढायला वळलो.

"पुठ्ठा नको, अण्णा. उसवा. पानन्‌पान सुटं करा."

"खराब आहे?"

"ते अजून कळायचंय."

"मग परत करा दुकानदाराला. मी बांधणारा माणूस आहे. कसाई नाही."

सर हसले नाहीत. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले. "राम घाटावरच्या गुरुजींची पोथी बघितलीय ना? ती कुणी शिवतं का?"

माझं दुकान फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. वडिलांचं दुकान. आमचे पूर्वज शिंदेशाहीत दफ्तरं बांधायला इकडे आले, असं घरात सांगतात. खरं-खोटं महाकालाला माहीत. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर वाचता येतं, पण पुस्तकाचं खरंखोटं मला हातानं कळतं. पाठीवरून बोट फिरवलं की शिवलंय का नुसतं चिकटवलंय ते सांगतो. त्यामुळे शिकलेल्या माणसानं मला पुस्तकाबद्दल काही सांगितलं की पहिल्यांदा मी त्याच्याकडे संशयानंच बघतो. ती सवय आहे माझी, आणि ती मी सोडणार नाही.

नेवासकर सरांवर तर संशय घ्यायला कारणंही होती. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस. माझ्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि पोरापोरींना वेबसाइट बनवायला शिकवू लागला. पण बोर्ड लावला नाही. बोर्ड नसलेला डॉक्टर आणि बोर्ड नसलेला क्लास, दोन्ही मला चालत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "बोर्ड लावला की त्यावर काहीतरी लिहावं लागतं. जे लिहीन ते खरं पाहिजे." आता यावर काय बोलणार! माणूस एकतर फार प्रामाणिक असतो असं बोलणारा, नाहीतर पक्का बदमाश.

त्यांचं एक वाक्य होतं: "चालवून पाहिलं का?" कुणी काहीही सांगो, यांचं हेच. कुणी म्हणालं, अमक्या दुकानाचे पोहे चांगले, "चालवून पाहिलं का?" गल्लीतल्या जोशांनी मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा सवयीनं तोंडातून गेलं. जोशी महिनाभर बोलले नाहीत. आमच्याकडची पोरं त्यांना मागून 'चालवून सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आवडायचंही बहुतेक.

पोथीची गोष्ट अशी. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सर राम घाटावर बसले होते. मंत्र चालू असताना यांनी मध्येच विचारलं, "गुरुजी, हे कुठल्या पानावर आहे?" गुरुजी म्हणाले, "यजमान, तुम्ही पिंड ठेवा, पान मी सांभाळतो." पण सरांनी बघायचं ते बघून घेतलं. पोथीतलं एक पान विरलं होतं, गुरुजींनी ते काढून स्वतःच्या हातानं लिहिलेलं नवं पान तिथं सरकवलं होतं. बाकी पोथी होती तशी. वर-खाली लाकडी फळ्या, भोवती भैरवगढचं छापील फडकं.

"बस, अण्णा, मला हेच पाहिजे," सर मला म्हणाले. "माझ्या विद्येची पानं दर वर्षी विरतात. पुस्तक छापून बाजारात येईपर्यंत त्यातली काही शिळी झालेली असतात. शिवलेल्या पुस्तकातून शिळं काढता येत नाही. पोरं बिचारी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सगळं देवाचं समजून पाठ करतात."

मी उसवलं. मन घट्ट करून उसवलं. लाकडाच्या फळ्या त्यांनी सुताराकडून आणल्या, फडकं भैरवगढचं. वरच्या खोलीत टेबलावर ती पोथी ठेवायचे आणि पोरं एकेक पान घेऊन संगणकावर बसायची. चपला दाराबाहेर. मी एकदा म्हणालो, "सर, नारळ पण फोडा." ते म्हणाले, "नारळ नासका निघतो कधीकधी."

पान पारखायची त्यांची रीत मी पुष्कळदा बघितली. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं संगणकावर उतरवायचं, स्वल्पविराम सुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही, आणि चालवून बघायचं. चाललं की पेन्सिलीनं बारीकशी बरोबरची खूण. नाही चाललं आणि चूक लेखकाची निघाली की समासात 'ख', म्हणजे खोटं. चाललं पण आता तसं कुणी करत नाही असं असलं की 'शि', म्हणजे शिळं. 'ख' आणि 'शि' दोन्ही पोथीतून बाहेर. ती पानं टोपलीत पडायची, आणि टोपली खाली माझ्याकडे यायची. चांगला कागद. मी कागद टाकत नाही.

एकदा पुस्तकांचा एक सेल्समन इंदोरहून आला. गुळगुळीत बोलणारा. माझ्याच काउंटरवर त्यानं सरांपुढे पुस्तकं मांडली. "सर, ये वाली देखिए. पूरे मालवे में बहुत चल रही है."

"चलती तो भैंस भी है, भिया. कोड चलता है क्या?"

"अरे सर, छपी हुई चीज़ है!"

सरांनी लॅपटॉप काढला, पुस्तकाचं पहिलं उदाहरण उतरवलं, आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. पडदा पांढराफटक. "देखिए. मौन रखा है दो मिनट का."

सेल्समन जाताना मला म्हणाला, "दादा, ये आदमी शक्की है." मी म्हणालो, "मी पण आहे." पण मनात म्हटलं, याला किती शक? एका पुस्तकावरही विश्वास नसणाऱ्या माणसाकडे आपली नात शिकतेय.

हो, माझी नात. मुग्धा. थोरल्या मुलाची मुलगी. बी.कॉम. झाली होती आणि एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसत होती. तिला ते काम नको होतं. तिच्या आईवडिलांचं म्हणणं, काम नको असेल तर स्थळं बघू. मुग्धाला दोन्ही नको होतं. तिला इंदोरला वेबसाइटच्या कंपनीत नोकरी पाहिजे होती, आणि मुलगा माझ्यासमोर म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाहीतर आम्ही सांगू ते ऐकायचं." पोरीचं सगळं त्या नोकरीवर टांगलेलं.

मी तिला म्हटलं होतं, घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बघ ना, फुकट असतात. ते सरांच्या कानावर गेलं. जिन्यातून खाली आले. "अण्णा, व्हिडिओ बनवणारा माणूस चुकला की ते कापून टाकतो. तुम्हाला फक्त त्याचं बरोबर आलेलं दिसतं. पुस्तकात चूक छापली गेली की ती बिचारी तिथंच राहते. सापडते. जे पुस्तक पकडता येतं तेच कामाचं."

"आणि जो मास्तर पकडता येत नाही तो?"

सर जिन्याकडे वळले. "तो धोक्याचा," म्हणाले, आणि वर गेले.

हे मी टोचायला बोललो होतो. माझ्या मनात एक किडा होता. मला वाटायचं, ज्याला जे येत नाही त्याला तो शिळं म्हणतो. टोपली फार भरून यायची हो! अर्धं पुस्तक टाकून दिल्यावर उरलेल्या अर्ध्यात पंडित व्हायला काय लागतं?

पावसाळा संपता संपता मुग्धाला इंदोरच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. परीक्षा होती, तिथंच बसून काम करून दाखवायचं. सकाळी दही-साखर खाऊन गेली आणि संध्याकाळी तोंड एवढंसं करून आली. घरी गेली नाही, सरळ माझ्या दुकानात आली आणि कागदांच्या गठ्ठ्यावर बसली.

"काय झालं गं?"

"आजोबा, त्यांनी मेल बनवायला सांगितलं. म्हणजे दुकानांच्या जाहिराती येतात ना मेलवर, चित्र, भाव, बटण, तसलं. मी सरांनी शिकवलं तसं केलं. ब्राउझरमध्ये एकदम मस्त दिसलं. आणि मेल करून उघडलं तर सगळं कोसळलं. चित्र एकीकडे, भाव एकीकडे, बटण कुठं गेलं पत्ताच नाही."

"मग?"

"त्या मॅडम म्हणाल्या, मेलमध्ये अजून जुनीच रीत चालते. सगळं पान कोष्टकात बसवायचं, टेबलमध्ये. त्यांचं निम्मं काम तेच आहे. म्हणाल्या, बाकी तुझं चांगलं आहे, हे शिकून ये, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते." आणि मग ती रडायला लागली. "आजोबा, पुस्तकात होतं ते. दोन पानांचा आख्खा धडा होता. सरांनी काढून टाकला होता."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाला थोडा आनंदाचा वासही होता. सापडला मास्तर! मी जिना चढलो. गुडघ्यांनी तक्रार केली, ऐकली नाही.

सर एका पोराला काही दाखवत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, तुम्ही माझ्या नातीची नोकरी टोपलीत टाकलीत."

मुग्धा मागून आली, तिनं सगळं सांगितलं. सर ऐकत गेले तसे खुर्चीत खाली खाली सरकत गेले. शेवटी एवढंच विचारलं, "तो धडा कुठाय?"

"नेटवर आहे ना, सर, शोधते मी," मुग्धा म्हणाली.

"नेटवर दहा जण दहा रीती सांगतील. कुठली चालते ते चालवून बघायला महिना जाईल. त्या धड्यातलं एकेक उदाहरण मी स्वतः चालवलं होतं, चाललं तिथं पेन्सिलीनं खूण केली होती. अण्णा, ती पानं?"

आता ती पानं कुठं होती ते मला बरोबर आठवत होतं, आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. गल्लीच्या टोकाला वैद्य काकू राहतात. त्यांच्या भजनी मंडळाचं आरत्यांचं पुस्तक नवरात्राआधी घाईनं बांधून पाहिजे होतं. पांढरा कागद संपला होता. सरांच्या टोपलीतली कोष्टकांच्या चित्रांची ती दोन पानं गुळगुळीत, जाड, चांगली. मी ती पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवली होती.

आम्ही तिघे वैद्य काकूंच्या दारात. सरांनी हात जोडले. "काकू, तुमचं आरत्यांचं पुस्तक जरा बघायचंय."

काकूंनी आम्हाला एकेक करून निरखलं. सरांना देवाचं वावडं आहे अशी गल्लीत समजूत होती. "कुठली आरती पाहिजे?"

"आरती नको. पुठ्ठा पाहिजे."

"म्हणजे?"

"आतल्या बाजूनं, काकू."

"अण्णा, हे काय चाललंय? पुठ्ठ्यात काही सोनंबिनं लपवलंयत का दोघांनी मिळून?"

मुग्धानं समजावलं तेव्हा काकूंनी पुस्तक आणलं, पण स्वतःच्या मांडीवर धरलं. हातात देईनात. पुस्तक उघडलं. एका पुठ्ठ्याला आतून एक पान, दुसऱ्याला दुसरं. समासात सरांची 'शि' आणि शेजारी, प्रत्येक उदाहरणापाशी, बरोबरच्या खुणा. एकही 'ख' नाही.

"पण पानाची दुसरी बाजू?" मुग्धा म्हणाली. "ती चिकटलीय."

सरांनी नखानं कोपरा उचलायला बघितला. मी हात धरला. "निघणार नाही. माझी लेई आहे, मोरचूद घातलेली. पाण्यात भिजवलं तर पुठ्ठा जाईल, लेई नाही जाणार."

"एवढं पक्कं चिकटवता कशाला हो?"

"तुम्ही टाकता कशाला?"

"भिजवायचं नाव काढू नका," काकू म्हणाल्या. "उद्या आमचं भजन आहे."

झालं. जे दिसत होतं ते अर्धंच होतं. मुग्धा काकूंच्या ओटीवर बसून पुठ्ठ्यावरून उतरवून घेऊ लागली. काकू पुस्तक धरून तिच्यासमोर बसल्या होत्या, जशी काही आरतीच चालू आहे. शेजारच्या दोन बायका डोकावून गेल्या. एक म्हणाली, "कुठलं स्तोत्र आहे हे?" काकू म्हणाल्या, "नोकरीचं."

मी सरांना बाजूला घेतलं. मला ते विचारल्याशिवाय राहवणार नव्हतं. "सर, सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत. चालत होतं ना? मग काढलं का? खरं सांगा. शिळं होतं, का तुम्हाला येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

सर ओटीच्या खांबाला टेकले. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "अण्णा, टेलिफोन खात्यात माझी अख्खी नोकरी कोष्टकं भरण्यात गेली. उभे रकाने, आडवे रकाने. एका रकान्यात चूक झाली की वरून कागद परत. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, पुन्हा रकान्यात बसायचं नाही. हा धडा उघडला, उदाहरणं चालवली, सगळी चालली, आणि मला शिसारी आली." मग म्हणाले, "शिळं नव्हतं. मला आवडत नव्हतं."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मी खूश होईन. मी जाऊन मुग्धा लिहीत होती तो कागद धरून बसलो.

महिनाअखेरपर्यंत दोघे वरच्या खोलीत बसले. बाकीचे वर्ग सरांनी पुढे ढकलले. पुठ्ठ्यावरचं अर्धं हाताशी होतं. चिकटलेलं अर्धं सरांना धड आठवत नव्हतं. रकाने मांडायचे, मेल पाठवायचा, कोसळायचा, पुन्हा रकाने. मला खालून ऐकू यायचं.

"सर, बटण पुन्हा पळालं."

"पळू दे. कुठल्या रकान्यातून पळालं ते बघ."

"तिसऱ्या."

"माझ्या साहेबासारखं आहे ते. तिसऱ्यातच पळायचा."

एकदा तर दोघे मोठ्यानं हसताना ऐकले. सरांना हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मुग्धा परत इंदोरला गेली. संध्याकाळी फोन आला माझ्याच मोबाइलवर. "आजोबा, घेतलं. सोमवारपासून." मी तिथूनच जिन्याकडे तोंड करून ओरडलो. सर खाली आले. मी मिठाई मागवली, त्यांनी तुकडा तोंडात टाकला. मला वाटलं, आता तरी ताठ होतील. नाही झाले.

तेवढ्यात कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक आले. हे नेहमी सरांकडे पुस्तक दाखवायला यायचे. सरांनी 'ठीक' म्हटलं तरच वर्गाला लावायचे. दोन नवी पुस्तकं होती हातात, वेबसाइटचीच. "सर, यातलं कुठलं चांगलं?"

सरांनी पुस्तकं हातात घेतली. उघडली नाहीत. एकमेकांवर नीट ठेवली, कडा जुळवल्या आणि परत दिली. "दोन्ही चांगली असतील. तुम्हाला आवडेल ते घ्या."

प्राध्यापक खूश होऊन गेले. त्यांना काय कळणार! मी मात्र मिठाईचा डबा धरून तसाच उभा. एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून 'असतील' हा शब्द मी ऐकला नव्हता. मला 'चालवून पाहिलं का' ऐकायचं होतं. ते आलंच नाही. सर जिना चढले. नेहमी दोन-दोन पायऱ्या घ्यायचे, त्या दिवशी कठड्याला धरून, एकेक. अर्ध्यावर दम घ्यायला थांबले. मागून त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला दिसत होता, आणि हात रिकामे. पेन्सिलसुद्धा नव्हती.

पुढे दोन वर्षांनी सर गेले. तोपर्यंत रोज दिसायचेच. पण मला सर आठवतात ते त्या जिन्यावरचे.

मुग्धाला नोकरी लागली त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्यावर इतकी वर्षं संशय घेतला, तो माणूस आता कशावरच संशय घेणार नाही, हे मला सहन होईना. असा माणूस उद्या पोरांना काहीही शिकवेल. कुणीही त्याला फसवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी टावर चौकात गेलो. पुस्तकवाल्याला म्हटलं, वेबसाइटचं, सगळ्यात जास्त खपणारं दे. त्यानं दिलं. पाठीवरून बोट फिरवलं. नुसतं चिकटवलेलं, एक टाका नाही. ते घेऊन मी जिना चढलो, दाराबाहेर चपला काढल्या, पुस्तक सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "हे मला चोर वाटतंय. बघा."